लहान संग्रहालयात स्थानिक इतिहासाची मांडणी: सुरुवात कोठून करावी?

प्रश्नात मांडलेली परिस्थिती थोडक्यात अशी आहे. दोन खोल्यांचे, पूर्णपणे स्वयंसेवकांच्या बळावर चालणारे एक संग्रहालय आहे. त्यात सुमारे ६०० वस्तू आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्याच काचकपाटांत लावलेल्या आहेत. मांडणी अतिप्राचीन काळापासून आजपर्यंत अशा कालक्रमाने केलेली आहे. लोक येतात, दहा मिनिटांत फेरी मारतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. मांडणी नव्याने करायची झाल्यास सुरुवात कोठून करावी, वस्तू कमी केल्यास देणगीदार दुखावतील त्याचे काय करावे आणि हाती असलेला थोडा निधी टचस्क्रीनवर खर्च करावा काय, असे तीन प्रश्न विचारले आहेत. गेली २५ वर्षे मी अशाच लहान संग्रहालयांच्या मांडणीचे काम करीत आलो आहे, त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

वस्तू कोणत्या क्रमाने लावाव्यात, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. त्याआधी प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारावे, की हिच्याबद्दल असे काय आहे जे दुसरे कोणतेही संग्रहालय सांगू शकणार नाही? मोठ्या संग्रहालयाकडे दुर्मीळ वस्तू असतात, प्रशस्त दालने असतात, संवर्धनाची प्रयोगशाळा असते. लहान संग्रहालयातल्या वस्तू बहुधा साध्या आणि कारखान्यांतून हजारोंनी बाहेर पडलेल्या असतात. परंतु ती वस्तू कोणाच्या हाताखाली वापरली गेली, कोणत्या घरातून आली, इतकी वर्षे कशासाठी जपली गेली आणि शेवटी का देऊन टाकली गेली, हे सांगू शकणारी माणसे अजून चालत येण्याच्या अंतरावर राहत असतात. संग्रहालयाची खरी संपत्ती ही आहे. दहा मिनिटांत निघून जाणाऱ्या पाहुण्याला ती दिसलेलीच नसते, कारण काचेच्या आत ती कधी ठेवलेलीच नसते.

एक उदाहरण घेऊ. पायाने चालवायचे सिंगरचे शिवणयंत्र जगभरातील असंख्य लहान संग्रहालयांत असते आणि त्याच्या शेजारच्या परिचयपट्टीवर ‘शिवणयंत्र. विसावे शतक. लोखंड व लाकूड’ एवढेच लिहिलेले असते. ही माहिती चूक नाही, पण ती कोणत्याही गावच्या कोणत्याही शिवणयंत्राला लागू पडते. त्या यंत्रावर कोरलेला क्रमांक पाहिला, तर ते कोणत्या वर्षी तयार झाले हे पुष्कळदा निश्चित करता येते. पाय ठेवायच्या लोखंडी जाळीची एकच बाजू अधिक झिजली असेल, तर ती कशाने झिजली हे घरच्यांना विचारता येते. खणात दोऱ्याची रिळे, गिऱ्हाइकांच्या मापांची चिठ्ठी किंवा मोडलेली सुई सापडते. समजा असे कळले, की पती वारल्यानंतर एका बाईंनी याच यंत्रावर ३१ वर्षे शेजारपाजारच्या मुलांचे शाळेचे गणवेश शिवले आणि त्या गणवेशांतली माणसे अजून याच वस्तीत राहतात. म्हणजे ते यंत्र एका घराच्या उत्पन्नाचा, एका शाळेचा आणि एका गल्लीचा पुरावा ठरते. पाहुणा थांबतो तो अशा ठिकाणी.

म्हणून मांडणीचे काम दाखल नोंदवहीपासून, म्हणजे संग्रहात आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवणाऱ्या वहीपासून सुरू होते. हे काम कंटाळवाणे वाटते आणि समितीच्या बैठकीत त्याबद्दल कोणाला उत्साह नसतो, तरीही ते टाळून केलेली प्रत्येक नवी मांडणी दोन-तीन वर्षांत पूर्वपदावर आलेली मी पाहिली आहे. दोघांनी मिळून एका वेळी एकच कप्पा घ्यावा: एकाने वस्तू हाताळावी, दुसऱ्याने लिहावे. प्रत्येक वस्तूला दाखल झालेले वर्ष, त्या वर्षातील देणगीचा अनुक्रम आणि त्या देणगीतील वस्तूचा अनुक्रम असा तीन भागांचा क्रमांक द्यावा, २०१९.१४.३ याचा अर्थ २०१९ सालच्या चौदाव्या देणगीतील तिसरी वस्तू. धातू किंवा चिनीमातीवर पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रेझिनचा पातळ थर देऊन त्यावर क्रमांक लिहावा आणि वर पुन्हा एक थर द्यावा, म्हणजे पुढे गरज पडल्यास तो ॲसिटोन या द्रावकाने काढता येतो. प्लॅस्टिकच्या, रंग दिलेल्या किंवा लाखेच्या वस्तूंना ॲसिटोन घातक असल्याने त्यांना मात्र दोरीने चिठ्ठी बांधावी. कपड्यांना क्रमांक लिहिलेली सुती फीत दोन सैल टाक्यांनी शिवावी. कागद व छायाचित्रे यांच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. शाई, चिकटपट्टी आणि स्टेपलरची पिन या तीन गोष्टी संग्रहाजवळ फिरकू देऊ नयेत. ज्या वस्तूची नोंद सापडत नाही तिला तात्पुरता क्रमांक द्यावा आणि ‘कोणाकडून आली ते सापडले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहून ठेवावे. अंदाजाने भरलेला रकाना दहा वर्षांनी वस्तुस्थिती म्हणून वाचला जातो.

याच वेळी प्रत्येक वस्तूसमोर आणखी एक लहान रकाना ठेवावा: ‘फक्त आपल्यालाच ठाऊक असलेली गोष्ट’. ६०० पैकी बहुधा शंभरएक वस्तूंसमोरच तो रकाना भरला जाईल, आणखी दीडदोनशे वस्तूंसाठी कोणाकडे तरी जाऊन विचारावे लागेल आणि उरलेल्या कोऱ्या राहतील. नव्या मांडणीसाठी कोणत्या वस्तू घ्यायच्या, याची निम्मी निवड तेथेच झालेली असते.

उरलेली निवड एका प्रश्नाने करावी. कालक्रमाने केलेल्या मांडणीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: लहान संग्रहालयाने तिच्या नादी लागू नये. दोन खोल्यांत दगडी हत्यारांपासून मोबाइल फोनपर्यंत सगळे बसवायचे ठरले, की ज्या काळाच्या वस्तू हाती नाहीत तेथे पाठ्यपुस्तकातली चित्रे चिकटवावी लागतात आणि गावाचा इतिहास देशाच्या इतिहासाची बारीक केलेली प्रत होऊन बसतो. त्याऐवजी त्या ठिकाणी राहणाऱ्या माणसांना आपसूक पडणारा एखादा प्रश्न घ्यावा. येथे वस्ती का झाली? पाणी कोठून येत होते आणि ते कोणाला मिळत नव्हते? कारखाना बंद पडला तेव्हा लोक कोठे गेले? या गल्लीचे नाव तीनदा का बदलले? असा प्रश्न घेतला म्हणजे कोणती वस्तू आत येईल आणि कोणती भांडारात जाईल, हे वाद न होता ठरते. काळही त्यात येतोच, फक्त तो एका प्रश्नाच्या मागे चालत येतो.

या पद्धतीला चांगला इतिहास आहे. वॉशिंग्टनच्या ॲनाकॉस्टिया भागात १९६७ साली स्मिथसोनियन या अमेरिकेतील मोठ्या संग्रहालय-संस्थेने एका जुन्या चित्रपटगृहात वस्तीसाठी संग्रहालय सुरू केले आणि जॉन किनार्ड हे त्याचे पहिले संचालक झाले. वस्तीतल्या लोकांना छळणारी गोष्ट कोणती, याचा शोध घेतल्यावर १९६९ साली तेथे उंदरांवर प्रदर्शन भरवले गेले, जिवंत उंदरांसह. संग्रहालयाला शोभणारा विषय कोणता याच्या रूढ कल्पना मोडून त्यांनी वस्तीचा प्रश्न दालनात आणला. दुसरे उदाहरण केपटाउनचे. तेथील डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग १९६६ साली केवळ गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर झाला आणि पुढील काळात ६०,००० हून अधिक रहिवाशांना तेथून हलवण्यात आले. १९९४ साली एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये उघडलेल्या संग्रहालयाने जमिनीवर त्या भागाचा भलामोठा नकाशा अंथरला आणि परतून आलेल्या रहिवाशांनी आपापली घरे, दुकाने त्यावर स्वतःच्या हाताने लिहिली. पाडापाडीतून वाचलेले रस्त्यांचे नामफलक तेथे टांगलेले आहेत. एका लांबच लांब कापडावर लोक नावे व आठवणी लिहीत गेले आणि नंतर ती अक्षरे भरतकामाने पक्की केली गेली. त्या संग्रहालयात मौल्यवान म्हणावे असे फारसे काही नव्हते. नकाशा, पाट्या आणि कापड. तरीही ते इतर कोठेही उभे राहू शकले नसते, आणि मांडणीच्या यशाची माझी कसोटी हीच आहे.

तुमच्याकडे दुसरे काही करणे शक्य नसेल तर एवढे तरी करा: आपल्या परिसराचा मोठा नकाशा छापून घ्या आणि तो खोलीच्या मध्यभागी, मेजावर किंवा जमिनीवर ठेवा. माणूस प्रथम स्वतःचे घर शोधतो. ते सापडले की शेजारचे घर, मग बुजलेली विहीर, मग पाडलेला पूल. त्यातून जे बोलणे सुरू होते ते ऐकायला एक स्वयंसेवक वही घेऊन उभा असावा. मी पाहिलेल्या लहान संग्रहालयांत सर्वांत कमी खर्चात सर्वांत अधिक माहिती गोळा करणारी वस्तू नकाशाच होती.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. जे टिकले तेवढेच संग्रहात येते. समारंभाचे कपडे पेटीत जपले जातात, कामाचे कपडे फाटेपर्यंत वापरून त्यांची पायपुसणी होतात. मालकाचे तैलचित्र राहते, नोकराचे नावही राहत नाही. घर स्वतःचे असणाऱ्यांच्या माळ्यावर वस्तू साठतात, भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्यांकडे माळाच नसतो. त्यामुळे आहे त्या संग्रहातून सरळ मांडणी केली, तर गावात केवळ सुखवस्तू कुटुंबे राहत होती असे चित्र तयार होते. ज्यांच्या वस्तू उरल्या नाहीत त्यांची जागा रिकामी दाखवण्यास घाबरू नये. एका कपाटात मी वस्तूऐवजी वेतनपत्रकाची मोठी केलेली प्रत लावली होती, ज्यात स्त्रियांच्या नावांऐवजी नुसते आकडे होते. त्या कपाटासमोर लोक इतर कोठल्याही कपाटापेक्षा अधिक वेळ उभे राहत, आणि त्यातल्या दोन आकड्यांची नावे पुढे त्यांच्या नातवंडांनी आम्हाला आणून दिली.

आता देणगीदारांचा प्रश्न. ही अडचण खरी आहे आणि ती केवळ नियम दाखवून सुटत नाही. आजोबांची पेटी देणाऱ्या माणसाला ती पेटी दिसली पाहिजे असे वाटते, कारण त्याच्या लेखी ती दिसणे म्हणजे आजोबांची आठवण जागी राहणे. म्हणून प्रथम त्याच्याकडे जावे, पत्र पाठवून मोकळे होऊ नये. वस्तू काढण्यापूर्वी जावे आणि ती काढत असल्याचे सांगण्याच्या निमित्ताने त्या वस्तूची सगळी हकिगत विचारून, त्याच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करून घ्यावी. माझा अनुभव असा, की आपले ऐकून घेतले गेले म्हणजे बहुतेकांचा राग निवळतो. कित्येकदा त्या हकिगतीमुळे ती वस्तूच पुढच्या मांडणीत परत येते. यापुढे मात्र प्रत्येक देणगीच्या वेळी लेखी देणगीपत्र करावे, त्यात मालकी पूर्णपणे संग्रहालयाकडे येत असल्याचे नमूद असावे आणि ‘ही वस्तू कायम प्रदर्शनात ठेवू’ असे आश्वासन तोंडीसुद्धा देऊ नये. त्याच जातीची चौथी वस्तू कोणी आणली तर ती नम्रपणे नाकारण्याचा अधिकार समितीने आपल्याकडे ठेवावा. भांडारात गेलेली वस्तू हरवलेली नसते. तिचा क्रमांक आणि जागा नोंदवहीत असते आणि कोणीही मागितली तर ती दाखवता येते, ही गोष्ट प्रवेशद्वारापाशी ठळकपणे लिहून ठेवावी.

सहाशेपैकी एका वेळी किती वस्तू ठेवाव्यात, याला सूत्र नाही. दोन खोल्यांत मी ८० ते १२० वस्तूंच्या पुढे जात नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील शंभराहून अधिक प्रदर्शनांच्या एका अभ्यासात असे दिसले, की प्रदर्शन लहान असो वा मोठे, लोक त्यात बहुधा २० मिनिटांपेक्षा कमीच वेळ घालवतात. म्हणजे ६०० वस्तू असल्यास प्रत्येकीच्या वाट्याला दोन सेकंदसुद्धा येत नाहीत. शंभर केल्या तरी प्रत्येकीला बारा सेकंद मिळतात, आणि त्यातल्या आठ-दहा वस्तूंसमोर माणूस मिनिटभर रेंगाळला तर मांडणी साधली असे समजावे.

परिचयपट्ट्या हा या कामाचा सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. पट्टी म्हणजे नोंदवहीची नक्कल नव्हे. पहिले वाक्य डोळ्यांसमोरच्या वस्तूकडे बोट दाखवणारे असावे: ‘मुठीवरचा हा खड्डा अंगठ्याने पडला आहे’. मग ती कोणाची होती, येथे तिने काय केले, आणि त्यानंतर हवे असल्यास एखादे वाक्य मोठ्या संदर्भाचे. एका वस्तूला ४० ते ६० शब्द पुरेत, खोलीच्या आरंभीच्या मोठ्या फलकालाही १५० शब्दांपलीकडे जाऊ देऊ नये. मजकूर लिहिल्यावर प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: हे वाक्य दुसऱ्या गावच्या संग्रहालयात जसेच्या तसे चालेल काय? चालत असेल तर ते काढावे. ‘त्या काळी जीवन साधे होते’ यासारखी वाक्ये या गाळणीतून कधीच खाली उतरत नाहीत. मजकूर छापण्याआधी तो मोठ्याने वाचावा, आणि त्या वस्तूशी संबंध असलेल्या कुटुंबाला दाखवावा. नावांतल्या चुका तेथेच सापडतात, आणि स्वतःच्या आजीचे नाव चुकीचे छापलेले पाहणे किती लागते हे ज्याने अनुभवले आहे तो या टप्प्याला फाटा देणार नाही.

पट्टी कोठे लावली आहे, यालाही मजकुराइतकेच महत्त्व आहे. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातील बेंजामिन आइव्ह्ज गिल्मन यांनी १९१६ साली संग्रहालयात येणाऱ्या थकव्यावर लेख लिहिला. त्यासाठी त्यांनी एका माणसाला काचकपाटांतल्या वस्तू व पट्ट्या पाहावयास लावून त्याची छायाचित्रे घेतली: तो कोठे कमरेत वाकलेला, कोठे गुडघ्यांवर बसलेला, कोठे मान तिरकी करून पाहत असलेला दिसतो. शंभर वर्षांनंतरही तुमच्या-आमच्या खोल्यांत हेच चालू असते. भिंतीवरील चित्रांचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर असावा. चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे सुमारे ११० ते १२० सेंटिमीटरवर असतात, म्हणून आडव्या कपाटाची पातळी त्याच्या दृष्टीने तपासावी आणि दोन कपाटांमधली वाट किमान ९० सेंटिमीटर ठेवावी. पट्टी वस्तूच्या शेजारीच असावी. वस्तूला आकडा आणि खाली कोपऱ्यात यादी, ही पद्धत सोडून द्यावी. अक्षरे मोठी, गडद आणि फिक्या सपाट पार्श्वभूमीवर असावीत. छायाचित्रावर छापलेला मजकूर सुंदर दिसतो आणि वाचला जात नाही. देवनागरी अक्षरांना वरच्या मात्रा आणि खालच्या उकारांसाठी ओळींमध्ये अधिक जागा लागते, हेही छापखान्याला आधीच सांगावे.

छायाचित्रे हा बहुतेक स्थानिक संग्रहांचा कणा असतो, आणि सर्वाधिक चुका त्यांच्याच बाबतीत होतात. देणाऱ्याने सांगितलेले साल तसेच लिहू नये. चित्रात विजेचे खांब आहेत का, दुकानाची पाटी कोणती आहे, वाहने कोणत्या बांधणीची आहेत, मागच्या इमारतीला किती मजले आहेत, हे पाहावे. एका संग्रहालयात मी स्वतः एका गटछायाचित्राखाली देणगीदाराने सांगितलेले साल छापले होते. एका वृद्ध पाहुण्याने मागच्या इमारतीकडे बोट दाखवून सांगितले, की दुसरा मजला त्यानंतर बारा वर्षांनी चढला, आणि चित्रात तो स्पष्ट दिसत होता. माझे लक्ष फक्त चेहऱ्यांकडे होते. छपाईचा प्रकारही काळ सांगतो: खिशात मावणारी ‘कार्त द व्हिझित’ प्रकारची पुठ्ठ्यावरील छायाचित्रे १८५४ साली छायाचित्रकार दिस्देरी यांनी पॅरिसमध्ये घेतलेल्या पेटंटनंतरची असतात, तर जिलेटिन-सिल्व्हर या प्रकारचा छायाचित्रांचा कागद १८८० च्या दशकापासून पसरला. शक्य असेल तेथे जुने छायाचित्र ज्या जागेवरून घेतले त्याच जागी उभे राहून आजचे छायाचित्र घ्यावे आणि दोन्ही शेजारी लावावीत. लोक त्या जोडीत बराच वेळ फरक शोधत राहतात.

मात्र भिंतीवर मूळ छायाचित्र लावू नये. किमान ६०० पीपीआयने (प्रति इंच ६०० बिंदू) स्कॅन करावे, चांगली प्रत छापावी, पट्टीवर ‘प्रत’ असा शब्द लिहावा आणि मूळ चित्र आम्लविरहित पाकिटात, अंधारात, थंड कोरड्या जागी ठेवावे. याचे कारण प्रकाश. प्रकाशाने झालेली हानी भरून येत नाही आणि ती साठत जाते. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने २००४ साली दिलेल्या मर्यादांनुसार रेशीम, कच्चे रंग, वृत्तपत्राचा कागद अशा अतिसंवेदनशील वस्तूंवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू नये आणि वर्षभरात एकूण १५,००० लक्स-तासांची मर्यादा ओलांडू नये. हिशेब मांडून पाहा: ५० लक्सच्या मंद प्रकाशातही रोज आठ तास दालन उघडे असेल, तर ही वर्षाची शिदोरी ३७ दिवसांत संपते. खिडकीजवळ प्रकाश सहज हजार लक्सच्या पुढे जातो. तेथे ती दोन दिवसांचीही नसते. एका ठिकाणी खिडकीसमोर वर्षानुवर्षे ठेवलेल्या गणवेशाची कॉलर मी उलटली, तेव्हा आत गडद निळा रंग दिसला. बाहेरचा कपडा राखाडी झाला होता, आणि पट्टीवर ‘राखाडी गणवेश’ असेच लिहिलेले होते. ती पट्टी लिहिणाऱ्याने डोळ्यांना दिसले ते खरेच लिहिले होते. म्हणून कपडे व मूळ कागदपत्रे ही मर्यादा संपण्याआधी बदलावीत, खिडक्यांना जाड पडदे किंवा अतिनील किरण रोखणारी फिल्म लावावी आणि एक साधा लक्समापक विकत घ्यावा.

कपाटे नवीन करून घेणार असाल तर लाकडाबाबत जपावे. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) आणि ओकसारख्या लाकडांतून आम्लयुक्त वाफा निघतात आणि बंद कपाटात त्यांनी शिसे पांढरे पडून भुगा होतो. लोकर आणि रबरातल्या गंधकामुळे चांदी काळवंडते. अशा सामग्रीची परीक्षा घेण्याची ऑडी चाचणी १९७३ साली ब्रिटिश म्युझियममध्ये विकसित झाली, परंतु लहान संग्रहालयाला तिची गरज पडत नाही. पावडर-कोटिंग केलेला धातू, काच, ॲक्रिलिक, धुतलेले बिनरंगी सुती कापड आणि पॉलीइथिलीनचा फोम एवढ्यावर भागते. ताज्या रंगाच्या कपाटात किमान चार आठवडे काही ठेवू नये. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी येते, म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट लावू नये. बाकी तपशील स्थानिक हवामानाप्रमाणे ठरवावेत.

आठवणींचे ध्वनिमुद्रण मांडणीत वापरणार असाल, आणि ते जरूर वापरावे, तर मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह स्वरूपात करावे, सांगणाऱ्याची लेखी संमती घ्यावी आणि तीन प्रती ठेवाव्यात, ज्यांतली एक दुसऱ्या इमारतीत असावी. दालनात ऐकवायचा तुकडा ९० सेकंदांपेक्षा मोठा नसावा. आठवणी चुकतात, हा त्यांच्यावरचा आक्षेप मला अपुरा वाटतो. इटलीतल्या तेर्नी शहरात लुइजी त्रास्तुल्ली हा पोलाद कामगार १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. पण अनेक कामगार त्याचा मृत्यू १९५३ सालच्या, मोठ्या कामगारकपातीच्या लढ्यातला म्हणून सांगत. मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी दाखवले, की ही सरकलेली तारीख त्या लोकांना कोणती हानी सर्वांत जिव्हारी लागली होती ते सांगते. तुमच्या दालनात असे घडले तर दोन्ही गोष्टी लावा: कागदपत्रातले साल आणि लोकांच्या तोंडचे साल, एकमेकांशेजारी, कोणते कोठून आले ते स्पष्ट करून. गावातल्या वादग्रस्त घटनेबाबतही मी हेच करतो. दोन बाजूंचे म्हणणे सरासरी काढून एका गुळमुळीत परिच्छेदात घालण्यापेक्षा दोघांचे शब्द नावानिशी, त्यांच्या संमतीने लावणे अधिक न्यायाचे असते. ज्यांना नाव द्यायचे नाही त्यांच्यावर त्यासाठी दबाव आणू नये.

सगळे एकदम बदलू नका. एक कपाट घ्या, त्यात पाच-सहा वस्तू ठेवा, पट्ट्या साध्या कागदावर छापून तात्पुरत्या लावा आणि कोपऱ्यात बसून दहा पाहुण्यांना नुसते पाहा. कोण कोठे थांबतो, कोणती ओळ मोठ्याने वाचतो, मुलाला काय दाखवतो, हे टिपून ठेवा. जेथे कोणीच थांबत नाही तो मजकूर दुसऱ्या दिवशी बदला; कागदाची पट्टी बदलायला काही लागत नाही. शेजारी एक वही आणि पेन्सिल ठेवा, वर लिहा: ‘यात चूक दिसली किंवा आणखी काही ठाऊक असेल तर लिहा’. आलेली प्रत्येक दुरुस्ती दाखल नोंदवहीत, तारखेसह आणि सांगणाऱ्याच्या परवानगीने त्याच्या नावासह उतरवा. ती खरी ठरली की पट्टी बदलून त्या माणसाला बोलावून दाखवा. पाहुणे पुन्हा का येत नाहीत, या तुमच्या प्रश्नाला मला सापडलेला सर्वांत खात्रीचा उपाय हाच आहे: जो काही सांगून गेला, तो ते लागले की नाही हे पाहायला परत येतो, आणि येताना एकटा येत नाही.

टचस्क्रीनबद्दल सांगायचे तर, आत्ता घेऊ नका. तो बिघडला की दुरुस्त करणारा माणूस तुमच्यात नाही, त्यातला मजकूर बदलण्यासाठी प्रत्येक वेळी बाहेरच्याला बोलवावे लागेल, आणि बंद पडलेला काळा पडदा खोलीत सर्वांत मोठा दिसतो. तो निधी एक चांगला स्कॅनर, एक ध्वनिमुद्रक, लक्समापक, आम्लविरहित पाकिटे व खोकी आणि मोठ्या नकाशाची छपाई यांवर खर्च करा. वर्षभरात शंभरेक वस्तूंच्या हकिगती, त्यांची छायाचित्रे आणि आवाज नीट क्रमांकांसह जमा झाले, की त्यांचे काय करायचे हे ठरवताना पडद्याचा विचार पुन्हा करता येईल; तोपर्यंत त्या पडद्यावर दाखवण्यासारखे तुमच्याजवळ काय असेल तेही तुम्हाला नेमके ठाऊक झालेले असेल.